अंगठ्यापासून मनगटापर्यंत

खोडांची जाडी मी हाताने मोजते. करंगळीएवढं, अंगठ्याएवढं, मनगटाएवढं. टेप खिशात असतो, पण झुडपात वाकून उभं असताना तो काढायला हात मोकळा नसतो, आणि खरं सांगायचं तर गरजही नसते. माझा अंगठा साधारण २ सेंटिमीटर, मनगट ५ ते साडेपाच. एवढ्याशा अंतरात माझी चार वर्षं गेली, रान साफ करायची दोन यंत्रं आली आणि उजव्या पोटरीवर एक बारीक व्रण राहिला.

दोन एकरांचा तो उताराचा तुकडा सहा वर्षं कुणी पाहिलेला नव्हता. वरच्या अंगाला गवत, मधल्या पट्ट्यात घाणेरी, आणि खाली ओढ्याच्या बाजूला आपोआप रुजलेल्या रोपांची अशी दाटी की कुत्रंसुद्धा वळसा घालून जायचं. पहिल्यांदा बांधावर उभी राहिले तेव्हा तोंडातून एकच वाक्य आलं, ‘रान माजलंय.’ आता वाटतं, सगळी फसगत त्या वाक्यातच होती. माजलं म्हटलं की सगळं एकजात होतं. गवत माजलेलं, जाळी माजलेली, मनगटाएवढी झालेली रोपंही माजलेलीच. आणि सगळं एकजात दिसायला लागलं की माणूस त्याच्यासाठी एकच हत्यार शोधायला निघतो.

ते मिळायला वेळ लागला नाही. ३० सीसीच्या आसपासचं टू-स्ट्रोक इंजिन, साडेपाच किलो वजन, हाताशी गोल कडीसारखी मूठ. ब्रशकटर. खोक्यात नायलॉन दोरीचं डोकं होतं, तीन टोकांचं पोलादी पातं होतं आणि वर भेट म्हणून ८० दातांची, टोकांना कार्बाइडचे कठीण तुकडे लावलेली गोल करवत होती. ‘ही लावली की झाडंसुद्धा जातात,’ विकणाऱ्याने सांगितलं. जातात, हे खोटं नव्हतं. कुठल्या दिशेला जातात, हे मी विचारलं नाही.

सुरुवात मात्र सुखाची झाली. दोरीला धार नसते, ही गोष्ट डोक्याला लगेच कळते, हाताला उशिरा कळते. २.४ मिलिमीटरची मऊ दोरी, यंत्र बंद असताना बोटाला गुंडाळावी अशी. फिरायला लागली की नुसत्या वेगाने ताठ होते आणि गवताला फटके मारून तोडते. १९७१ मध्ये ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलास यांना ही कल्पना मोटार धुणाऱ्या यंत्रातले फिरते ब्रश पाहून सुचली. त्यांनी पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडली, त्यात मासेमारीची दोरी ओवली आणि तो डबा लॉनच्या कडा कापायच्या यंत्रावर चढवला. हवं काय होतं, तर झाडांच्या बुंध्यालगतचं गवत निघावं आणि सालीला इजा होऊ नये.

हे वाचून मला ओशाळल्यासारखं झालं, कारण त्याच आठवड्यात मी एका कोवळ्या झाडाची साल बुंध्याशी दोरीने गोल सोलून ठेवली होती. मुद्दाम नाही. गवत अगदी बुडापर्यंत काढायची हौस. सालीच्या आतला थर पानांनी केलेलं अन्न मुळांकडे पोचवतो. तो पूर्ण वळशात तुटला तरी झाड लगेच मरत नाही, पानं काही काळ हिरवीच राहतात, आणि आपण समजतो की निभावलं. खाली मुळं उपाशी असतात. ते झाड पुढच्या हंगामात वाळलं. तेव्हापासून राखायच्या झाडाभोवती हातभर गवत मी विळ्याने काढते.

दोरीबद्दल अजून दोनच गोष्टी. ती जुनी होऊन कडक झाली असेल तर वापरण्याआधी पाण्यात भिजत घालावी, मग तुकडे पडायचं प्रमाण कमी होतं. आणि झिजून गेलेली प्रत्येक दोरी शेवटी आपल्याच मातीत राहते, हे लक्षात ठेवून जिथे पात्याने भागतं तिथे दोरी लावू नये.

मधल्या पट्ट्यात दोरी हरली. घाणेरीची कोवळी फांदी लवते, फटका खाऊन परत येते आणि दोरीच्या डोक्याला गुंडाळते. दर पाच मिनिटांनी इंजिन बंद करा, गुंता सोडवा, पुन्हा सुरू करा. मग तीन टोकांचं पातं चढवलं. (त्याचं नट उलट्या आट्याचं असतं. मी ते अर्धा तास नेहमीच्या दिशेने फिरवून सोडवायचा प्रयत्न केला, म्हणजे अर्धा तास घट्ट करत होते.) पात्याला वजन असतं, ते फिरताना वेग धरून ठेवतं, म्हणून अंगठ्याएवढ्या फांदीला दबत नाही. जाळी दाट असेल तर यंत्र उचलून पातं वरून हळूहळू खाली उतरवत न्यायचं. वरच्या फांद्यांचा चुरा होत होत ते बुडाशी पोचतं. मोकळं गवत असेल तर उजवीकडून डावीकडे झोका द्यायचा. वरून पाहिलं तर पातं घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं, त्यामुळे कापलेलं गवत डाव्या हाताला पडत जातं आणि आपण कापलेल्या पट्ट्यावरून पुढे सरकत राहतो. हा झोका खांद्यातून द्यायचा नसतो, कमरेतून द्यायचा असतो. मी पहिले तीन दिवस खांद्यातून दिला आणि चौथ्या दिवशी केस विंचरायला हात वर जाईना.

मग मी ओढ्याकडच्या पट्ट्यात उतरले आणि भेटीची करवत लावली.

पहिली वीसेक रोपं गेली. गेली म्हणजे कुरकुरत गेली. करवत खोडात अर्ध्यावर पोचली की इंजिनचा आवाज बसायचा, मी जोर द्यायचे, आणि जळका वास यायचा. तो क्लचचा होता. या यंत्रांत इंजिन आणि पातं यांच्यामध्ये वेगाने जोडला जाणारा क्लच असतो: इंजिनने वेग घेतला की आतले तुकडे बाहेर फाकतात आणि बाहेरचं ड्रम पकडतात. करवत खोडात अडकली, वेग पडला की ते तुकडे धड पकडतही नाहीत, धड सोडतही नाहीत, नुसते घासत राहतात. लहान इंजिनची ताकद वेगात असते. खोडात रुतलेल्या करवतीला वेग नको असतो, पीळ, म्हणजे फिरवायचा जोर, हवा असतो, आणि तो तिथे नसतो.

एकविसावं किंवा बाविसावं रोप जरा कललेलं होतं. मी डावीकडून जायचा कंटाळा केला आणि समोरूनच करवत टेकवली. यंत्र उजवीकडे मागे असं उसळलं की कडीची मूठ हातातून अर्धी सुटली. करवत जाऊन दगडावर आपटली, ठिणग्या उडाल्या, आणि पोटरीत काहीतरी चावल्यासारखं झालं. कार्बाइडच्या एका दाताचा तुकडा होता, टाचणीच्या डोक्याहून जरा मोठा. घट्ट विणीची जाड पँट भेदून आत गेला होता. सुदैव एवढंच की तो पोटरीच्या उंचीवर उडाला, आणि चेहऱ्यावर संरक्षणाची जाळी होती.

का उसळलं, ते नंतर घड्याळ डोळ्यांसमोर ठेवून समजून घेतलं. फिरणारी करवत म्हणजे घड्याळाची तबकडी, आपल्यापासून सगळ्यात लांबचा बिंदू १२ वाजताचा. दात उलट्या दिशेने धावतात, म्हणजे ३ वरून १२ कडे, १२ वरून ९ कडे. उजव्या बाजूचे दात आपल्यापासून दूर धावत असतात. १२ ते ३ या पट्ट्यात ते घट्ट खोडाला टेकले आणि कापू शकले नाहीत, तर ते खोडालाच ढकलतात. खोड हलत नाही, म्हणून यंत्र हलतं, आणि यंत्राला धरलेला माणूसही. हुस्कवर्ना आणि स्टिल या यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांच्या वापर-पुस्तिकांत या पट्ट्याची चित्रं काढून ठेवलेली असतात. कापायची जागा डावीकडे, ८ ते ११ च्या दरम्यान. तिथे दात आपल्याकडे येत असतात, खोड ओढलं जाऊन गार्डला टेकतं आणि स्थिर होतं. पण त्यासाठी गार्ड करवतीचं हवं: करवतीच्या मागच्या कडेला बसणारी, खोड टेकवून धरणारी धातूची आडकाठी. माझ्या यंत्रावर गवताचं प्लास्टिकचं गार्ड होतं. करवत फुकट मिळाली होती, तिचं गार्ड कुणी फुकट देत नाही.

जाता जाता आणखी एक. दोरीऐवजी साखळीचे तुकडे किंवा जोडलेल्या धातूच्या पट्ट्या फिरवणारी डोकीही मिळतात. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये अशा डोक्याच्या साखळीची कडी सुटून उडाली आणि एक कामगार दगावला. युरोपियन आयोगाने जानेवारी २०१२ मध्ये हाती धरायच्या ब्रशकटरसाठी असली जोडणी बाजारात आणण्यावर बंदी घालायचा निर्णय दिला. हे वाचायच्या आधी मी तसलं एक डोकं घ्यायचा विचार करत होते.

पोटरी बरी होईपर्यंत मी बसून होते. त्या दिवसांत जंगलात विरळणीचं काम करून निवृत्त झालेले एक ओळखीचे काका येऊन तुकडा पाहून गेले. वरच्या दोन पट्ट्यांबद्दल ते काही बोलले नाहीत. खालच्या पट्ट्यात शिरले, एका खुंटापाशी बसले आणि त्याच्यावर बोट फिरवलं. खुंट तिरका कापलेला, वर भाल्यासारखं टोक, कडेची साल चिरून लोंबलेली.

‘कशाने कापलंस?’

मी यंत्र दाखवलं.

‘हे गवताचं आहे, बाळा. विळ्याने लाकडं फोडतेयस तू.’

मग त्यांनी तिरक्या टोकावर बुटाचा तळवा टेकवला आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. असं टोक गवतात लपलं की पुढच्या वेळी पाय कुणाचा जाईल, हे सांगायची गरज पडली नाही.

क्लिअरिंग सॉ, म्हणजे कोवळी खोडं कापायचं करवतीचं यंत्र, हे नाव मी त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकलं. नावांचा घोळ आहे, तो असा: ब्रशकटर आणि क्लिअरिंग सॉ यांच्यात रेघ ओढून दिलेली नाही. एकच यंत्र एका देशाच्या कॅटलॉगमध्ये ब्रशकटर आणि दुसऱ्या देशाच्या कॅटलॉगमध्ये क्लिअरिंग सॉ म्हणून येतं. नावावर जाऊ नये, आकड्यांवर जावं. स्टिलचं एफएस ४६० घ्या: ४५.६ सीसी, २.२ किलोवॉट, साधारण साडेआठ किलो. त्याच घरातलं एफएस ५६०: ५७.१ सीसी, २.८ किलोवॉट, १० किलोंच्या वर. माझं ब्रशकटर सव्वा किलोवॉटच्या आसपास होतं. पण ताकद दुप्पट आहे एवढ्यावर थांबलं तर मुद्दा निसटतो. दांडा जाड असतो, आतला फिरता शाफ्ट भक्कम असतो, खालची गिअरपेटी मोठी असते. मूठ सायकलच्या हँडलसारखी दोन शिंगांची असते, तिच्यामुळे यंत्र उसळलं तरी सहजासहजी अंगावर येत नाही, आणि दिशा दोन्ही हातांनी देता येते.

आणि एक गोष्ट जी दुकानात उभं राहून दिसतच नाही: गिअरपेटीचा कोन. गवत जमिनीलगत कापायचं असतं, दांडा जास्त उतरता धरावा लागतो. खोड वीतभर वर कापायचं असतं, दांडा कमी उतरता राहतो. दोन्ही वेळा पातं जमिनीला समांतर हवं, म्हणून कोन वेगळा लागतो. हुस्कवर्नाच्या जंगलकामाच्या यंत्रांत तो २४ अंश असतो, गवताच्या यंत्रांत ३५. अकरा अंशांचा फरक. माझे तिरके खुंट त्या अकरा अंशांतून आले होते. मी मनगट वाकवून वाकवून जो कोन भरून काढत होते, तो यंत्रातच असायला हवा होता.

ही यंत्रं रुजली ती उत्तरेकडच्या जंगलांत, जिथे कोवळं रान विरळ करणं हे हंगामी काम नसून धंदा आहे. स्वीडनमध्ये १९७९ च्या वनकायद्याने अशी विरळणी जंगलमालकांवर बंधनकारक केली होती. १९९३ च्या कायद्याने ती सक्ती काढली. सक्ती होती म्हणजे माणसं दिवसचे दिवस, आठवडेच्या आठवडे हे यंत्र अंगावर घेऊन चालत होती. यंत्राचं वजन कुठे पडावं, याचा विचार तिथे झाला नसता तरच नवल.

कारण साडेआठ किलो हातात धरायचे नसतातच. माझ्या पहिल्या यंत्राला एक पट्टा होता, खांद्यावरून तिरका. दोन तासांत तो मानेत घुसायचा. क्लिअरिंग सॉचा हार्नेस दोन्ही खांद्यांवर, छातीवर आणि कमरेवर बसतो, उजव्या मांडीला जाड गादी असते आणि तिच्यावर यंत्र टांगलेलं असतं. तो नीट बसवायला मला तीन संध्याकाळी लागल्या. तो मोजला गेलाय तो उंच पुरुषाच्या अंगावर. माझ्या खांद्यांवर पट्टे आखूड करत गेले तर कमरपट्टा बरगड्यांवर यायचा. शेवटी आधी कमरपट्टा हाडावर घट्ट बांधायचा, मग खांद्याचे पट्टे जुळवायचे, असा उलटा क्रम धरला तेव्हा जमलं. तोल पाहायची रीत सोपी आहे. यंत्र टांगा, हात सोडा. दोरीचं डोकं असेल तर ते जमिनीला जेमतेम टेकावं. करवत असेल तर जमिनीपासून वीतभर वर तरंगावी. तशी तरंगली की हातांना फक्त दिशा द्यायची उरते. आणि यंत्र झटक्यात अंगावरून सोडणारी कळ दर वेळी काम सुरू करण्याआधी एकदा ओढून पाहायची. आग लागली, पाय घसरला, तर ती शोधत बसायला वेळ मिळत नाही.

क्लिअरिंग सॉच्या पहिल्या दिवशी काका पंधरा मीटरांवर उभे होते. तेवढं अंतर कुणालाही ठेवायला लावायचंच, हा त्यांचा नियम आणि पुस्तिकांचाही. मी डावीकडून, १० वाजताच्या जागेवर करवत टेकवली. मनगटाएवढं खोड. इंजिनचा आवाज बसला नाही. खोड आडकाठीला टेकलं, एक निमिष, आणि उभंच्या उभं सरकून शेजारच्यावर रेललं. खुंट थाळीसारखा सपाट होता. मी इतकी खूश झाले की पुढचं खोड लगेच, त्याच्या पुढचं लगेच, अशी सुटले. काकांनी लांबून हात वर केला. मी यंत्र बंद करून कानांवरचे मफ काढले.

‘हे का कापलंस?’

मला उत्तर देता येईना. समोर होतं म्हणून.

तिथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा दोन यंत्रं वेगळी झाली, आणि ती सीसी-किलोवॉटवर झाली नाहीत. गवताच्या यंत्राला निवड नसते. झोका दिला की त्यात आलेलं सगळं जातं. महिन्याभरात ते परत येणारच असतं, कारण गवताच्या वाढीची जागा पात्याच्या पोचेबाहेर, बुडाशी असते. त्यामुळे चुकीची फिकीर नसते, डोकं मोकळं राहतं, मन कुठेही भटकून येतं. करवतीपाशी तसं चालत नाही. प्रत्येक खोडापाशी उभं राहून ठरवावं लागतं: हे जाईल की हे राहील? सरळ कुठलं, दुभंगलेलं कुठलं, कुणाच्या डोक्यावर कुणाची सावली आहे, दोन मीटरांच्या आत दुसरं चांगलं आहे का. एक चुकीचं कापलं तर सहा वर्षं गेली. खालच्या पट्ट्यात मी पहिल्या आठवड्यात दिवसाला जेवढं चालत होते त्याच्या दुप्पट वेळ नुसती उभी असायचे. पेट्रोलही कमी लागलं.

शिवाय कळलं ते हे, की जाडी म्हणजे साचलेला काळ असतो. करंगळी म्हणजे एक हंगाम. अंगठा म्हणजे दोन-तीन. मनगट म्हणजे मी जे पाहायला आले नाही ती सगळी वर्षं. यंत्र निवडताना मी विचारत होते की किती जमीन आहे. विचारायला हवं होतं की किती दिवस दुर्लक्ष झालंय.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण मी दुसरी चूक केली. जबरदस्त यंत्र हाती आल्यावर साधं यंत्र कोपऱ्यात गेलं. वरच्या पट्ट्यातलं गवतही मी क्लिअरिंग सॉला दोरीचं डोकं लावून काढायला लागले. काम भराभर व्हायचं, आणि संध्याकाळी बोटांना मुंग्या यायच्या. आठवड्याभराने सकाळीही येऊ लागल्या. हाताला बसणाऱ्या कंपनांची युरोपियन संघाची मोजणी आहे, २००२ च्या निर्देशातली: आठ तासांच्या दिवसाला सरासरी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाली की उपाय सुरू करायचे, ५ ही शेवटची मर्यादा. आणि हिशेब सरळ चालत नाही. कंपन दुप्पट झालं तर वेळ निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणजे ५ च्या कंपनाचं यंत्र दोन तास धरलं की पहिली रेघ गाठली. दात बोथट झाले, दोरीचं एक टोक आखूड राहिलं, पातं जरा वाकलं, की कंपन वाढतं आणि तेवढे तास कमी होतात. मी दिवसाला पाच तास काढत होते. मुंग्यांकडे दुर्लक्ष करत गेलं तर पुढे बोटं थंडीत पांढरी पडतात आणि ते पूर्ण बरं होईलच असं नाही.

साधं यंत्र कोपऱ्यातून बाहेर काढलं. कार्ब्युरेटर चिकटलेला होता, अर्थातच. टाकीत तीन महिन्यांचं पेट्रोल तसंच होतं. (टू-स्ट्रोकचं मिश्रण, ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली ऑइल, महिन्याभरात संपेल तेवढंच करावं. फोर-स्ट्रोकच्या टाकीत ते चुकूनही घालू नये, हे मी अजून केलेलं नाही, पण डबे सारखेच दिसतात.) साफ करून ते पुन्हा गवताला लावलं आणि उतारावर ते घेऊन चढताना वाटलं, अरे, हे तर पिसासारखं आहे. बॅटरीवरची यंत्रंही मी चालवून पाहिली आहेत. गवतासाठी ती आता छान झाली आहेत, कानाला आराम असतो. मनगटाएवढ्या खोडांच्या दिवसभराच्या कामाला मी तरी अजून पेट्रोलच घेईन.

करवतीला धार लावणं हे वेगळं सुख आहे, त्याच्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. कार्बाइडची फुकटची करवत मी टाकून दिली. आता २२ दातांची आहे, छिन्नीसारख्या दातांची, साध्या पोलादाची. साडेपाच मिलिमीटरची गोल कानस, एक दात डावीकडे तिरपा, पुढचा उजवीकडे, १५ अंशांनी. दगड लागला की या दाताचा तुकडा उडत नाही, तो वळतो, आणि कानशीने परत उभा करता येतो. टाकी रिकामी झाली की खाली बसायचं, एक दात सोडून एक अशी अकरा दातांची एक फेरी, मग करवत फिरवून दुसरी. धार असलेल्या करवतीचा भुसा जाडसर पडतो, बोथट करवतीचा पिठासारखा. मी आता भुसा पाहून उठते-बसते. तेवढ्यात इंजिन थंड होतं आणि बोटांच्या मुंग्याही उतरतात.

खुंटांचं काय झालं ते सांगायला हवं. रोप कापलं म्हणजे मारलं असं नव्हे. खाली मुळांत सहा वर्षांची पुंजी असते. पुढच्याच हंगामात एकेका खुंटाला पाच-सात धुमारे आले. मनगट गेलं आणि त्याच्या जागी सात करंगळ्या आल्या. इथे क्लिअरिंग सॉचं काम संपलं. धुमारे करंगळीएवढे असताना, अंगठा व्हायच्या आत, ब्रशकटरला तीन टोकांचं पातं लावून फिरवायचं. हंगामात दोनदा, सलग दोन-तीन हंगाम. पुंजी संपते तशी करंगळीही बारीक होत जाते. खुंट सपाट कापलेले असतील तर पातं त्यांच्यावरून निर्धास्त जातं. माझे पहिले वीस तिरके खुंट मी हातकरवतीने पुन्हा कापून काढले.

म्हणून कुणी विचारलं की दोन्हींतलं कुठलं घेऊ, तर मी आधी बोट पुढे करायला सांगते. अंगठ्याच्या आतलं सगळं असेल तर ब्रशकटर, आणि दांड्याला करवत लावायचा मोह टाळ. अंगठ्याच्या पुढे, मनगटापर्यंत आणि जरा पुढे, असं शेकड्यांनी असेल तर क्लिअरिंग सॉ. पण ती पहिल्या वर्षाला लागते, नंतर पडून राहते. उसनी, भाड्याने, कुणासोबत मिळून घेता आली तर उत्तम. मांडीएवढं असेल तर हे दोन्ही नकोत, चेनसॉ आणि ती जाणणारा माणूस बोलाव. मी यंत्रं ज्या क्रमाने घेतली तो बरोबर उलटा होता. आधी करवतीचं काम आणि मग गवताचं, असं व्हायला हवं होतं. आधी गवताचं यंत्र घेऊन मी त्याच्याकडून करवतीचं काम काढत होते.

ओढ्याच्या वळणावर एक कोपरा मी ठेवला आहे. दहा पावलं लांब, तेवढाच रुंद. दुसऱ्या वर्षी तिथे करवत घेऊन गेले तेव्हा जाळीत खालच्या फांदीवर घरटं होतं, आत पिल्लं, चोची वर करून उघडलेल्या. यंत्र बंद करून मागे फिरले. पिल्लं उडून गेल्यावर परत येऊ म्हटलं. मग आले नाही.

गेल्या आठवड्यात त्या जाळीत हात घालून पाहिला. सगळ्यात जाड खोड अंगठ्याच्या पुढे गेलंय, मनगटाला अजून अवकाश आहे. आत, जरा उंचावर, नवं घरटं आहे. हार्नेस अंगावरच होता. खटका ओढून तो सोडला, यंत्र खांद्यावर टाकलं आणि वरच्या पट्ट्याकडे गवत पाहायला गेले.